धनवंतीला हाक

"संध्याकाळी एक माणूस बोलता नि आमका दोन ऐकू येतत," चेअरमन बाबल सारंग म्हणाले. "सकाळी नाय, दुपारी नाय. दिवस कलंडलो की सुरू. आता ह्येका भूत म्हणूचा की बिघाड, ता तुमी ठरवा."

शिरसोळे मच्छीमार सोसायटीच्या माडीवर, बिनतारी खोलीत आम्ही उभे होतो. खाली बर्फाचा कारखाना होता आणि त्याच्या कॉम्प्रेसरची थरथर फरशीतून तळपायांना जाणवत होती. खिडकीतून धक्का दिसत होता, त्यापलीकडे खाडीचे मुख आणि मग समुद्र. भिंतीला लागून एका लोखंडी कपाटात तीन सर्व्हर होते. सोसायटीचा सारा संसार त्या तिघांत मावलेला होता: डिझेल पंप, शीतगृहाचे तापमान, धक्क्यावरचे कॅमेरे आणि समुद्रावर गेलेल्या होड्यांची बोलणी. प्रत्यक्षात यंत्रे तीनच. पण त्यांच्या पोटात दहा-बारा निरनिराळी यंत्रे चालत असल्यासारखी रचना केलेली होती. तिघांपैकी एक बंद पडले, तर त्याच्या पोटातली कामे उरलेल्या दोघांनी उचलायची.

मी कोल्हापूरच्या एका कंपनीतर्फे आले होते. कपाटामागे वाकून पाहिले आणि दुखणे कुठे असावे याचा अंदाज आला. कॅमेऱ्यांची चित्रे, साठवणीच्या नकला, होड्यांचे आवाज, यंत्रांचे आपसांतले बोलणे, सारे एकाच स्विचमधून, एकाच वाटेने जात होते.

"ह्याच्या चार वेगळ्या वाटा कराव्या लागतील," मी म्हणाले.

"एक बरी नाय? गुंतो कमी."

"लिलावाच्या वेळी धक्क्यावरून आजारी माणसाला न्यायचं झालं तर?"

"मगे तो धक्क्यावरच मेलो समजा." चेअरमन मोठ्याने हसले आणि तितक्याच झटकन गप्प झाले. त्यांची नजर खिडकीजवळच्या टेबलाकडे गेली होती.

टेबलाशी बिनतारी संचापुढे एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या अलीकडच्या, सडपातळ, कपाळाला लहानशी टिकली, गळ्यात मंगळसूत्र. आमचे बोलणे त्यांनी ऐकले होते, पण मान वळवली नव्हती.

"ह्या हेमावयनी. हेमलता कोयंडे," चेअरमन आवाज उतरवून म्हणाले. "होड्यांशी बोलण्याचा काम ह्यांचा. ह्यांनीच माझो पाठपुरावो करून तुमका बोलावल्यानी. माझा विचारशात तर मी खूश आसंय. एकाच्या पगारात दोन माणसा बोलतत."

"चेअरमन, तुमी एकटेच दोघांचा बोलतास," हेमाताई म्हणाल्या. आता त्या वळल्या होत्या. "पाटणकर मॅडम, चाय घेतल्यात काय? ह्येनी विचारला नसतला."

मी कागद पसरून आराखडा आखायला बसले, तेव्हा त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे प्रश्न नेमके होते. पहिली वाट कोणाची, दुसरी कोणाची, आणि ही तांबडी रेघ कशाची.

"ही यंत्रांची एकमेकांतली," मी म्हणाले. "दर थोड्या वेळाने एक दुसऱ्याला विचारत असतं, आहेस का? दुसरं म्हणतं, आहे."

"आणि उत्तर येवक नाय तर?"

"काही सेकंद वाट बघतात. मग तो गेला असं धरतात आणि त्याचं काम वाटून घेतात."

"तो खरोखर गेलोहा की नाय, ता न बगताच?"

"बघायला दुसरा मार्ग नसतो त्यांना. म्हणून तर ही वाट वेगळी हवी. आता काय होतं, संध्याकाळी कॅमेऱ्यांच्या नकला साठवायला सुरुवात होते, वाट तुंबते आणि 'आहे' हे उत्तर वाटेतच अडकतं. तो असतो, बोलतही असतो. पण बाकीचे दोघे त्याला मेलेला धरून मोकळे होतात."

त्यांनी त्या तांबड्या रेघेवरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, "काही सेकंद. बरी आसत तुमची यंत्रां. कायदो सुद्धा सात वर्सां थांबता."

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा तो प्रकार ऐकला. होड्या खाडीच्या मुखाशी येऊ लागल्या आणि एकेका होडीचा तांडेल आपली खबर देऊ लागला. किती टोपल्या, कोणाचे जाळे फाटले, बर्फ किती हवा. पहिल्या काही होड्यांचे बोलणे नीट आले. मग प्रत्येक शब्दाला शेपूट फुटले. कोणी "बांगडो" म्हणाला की क्षणभराने दुसरा कोणी, तसाच, पण किंचित खोल आवाजात, "बांगडो" म्हणे. सवयीने हेमाताई दुसऱ्या आवाजाकडे दुर्लक्ष करून लिहून घेत होत्या. मला मात्र पाठीमागे कोणी उभे असल्यासारखे वाटत राहिले.

शेवटच्या होडीची खबर आली. चेअरमन जिन्याकडे निघाले होते, पण दारातच थांबले. हेमाताईंनी पदर सारखा केला, बटण दाबले आणि मघापासूनच्याच कामाच्या आवाजात म्हणाल्या,

"धनवंती, धनवंती, शिरसोळे."

स्पीकरमध्ये बारीक खरखर होती. आम्ही तिघेही स्पीकरकडे पाहत होतो.

खट.

खट.

कोणीतरी बोलायचे बटण दाबून, न बोलता, सोडून द्यावे तसा आवाज होता. हेमाताईंनी मान किंचित हलवली, टेबलावरचे कागद एकावर एक रचले आणि खिडकी लावून घेतली.

जिना उतरताना मी विचारले, "धनवंती यायची राहिली आहे का?"

चेअरमननी बोटाने वाळूकडे दाखवले. माडांच्या ओळीखाली, लाकडी टेकूंवर एक लहान फायबरची होडी पालथी घातलेली होती. तिच्या कडेवरचा निळा रंग उडाला होता, पण नाव वाचता येत होते.

"ती थंय आसा," ते म्हणाले. "बोलणारो खंय आसा ता विचारू नकात."

मग खालच्या पायरीवर बसून त्यांनीच सांगितले. हेमाताईंचे यजमान भालचंद्र कोयंडे. वारा फिरला म्हणून टाकलेले जाळे काढून आणायला एकटेच गेले होते. दुसऱ्या दिवशी होडी भूशिराच्या पलीकडे सापडली. इंजिन धड, टाकीत डिझेल, जाळे अर्धे आत ओढलेले. माणूस नव्हता. हातात धरायचा बिनतारी संच त्यांच्याकडे असे. तोही सापडला नाही.

"सातवा वर्स सरत इला," चेअरमन म्हणाले. "रोज हाक मारता. पयला वर्सभर कायच नाय. मगे एक दिवस ह्या खटखट सुरू झाला. मी देवाक भियतंय तितकोच वायरीक भियतंय मॅडम, म्हणान मी काय बोलूक नाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी धक्क्यावरच्या मनोऱ्याची तार तपासत होते, तेव्हा एक माणूस येऊन सावलीत उभा राहिला. रुंद खांद्यांचा, बुटका, उन्हाने करपलेला. हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखे त्याने ते पाठीमागे बांधले होते.

"मी जनार्दन कोयंडे. कुलस्वामिनीचो तांडेल. हेमावयनीचो दीर."

"बसा ना."

"बसण्यासारख्या नाय." तो मनोऱ्याकडे पाहत म्हणाला. "तुमी तिका एक सांगशात?"

"काय?"

"ता खटखट वायरीतसून येता म्हणान."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"तसं असेल तर सांगेनच."

"'असात तर' म्हणू नकात. असाच सांगा. तुमच्या तोंडचा तिका पटतला. माझा पटत नाय, भटजींचा पटत नाय. भावाचा काय मागे रवला नाय. मगे आमच्यात पळसाच्या पानांचो माणूस करतत. माणसायेवढो. तेका आग देतत, दिवस करतत. त्याशिवाय तो सुटत नाय नि आमीव सुटत नाय. वयनी होय म्हणीपर्यंत ता होवचा नाय. घरात सगळा थांबलाहा. माझ्या चेडवाचा लगीन ठरलाहा, दोनदा पुढे ढकलला. व्याही म्हणतत, जेच्या घरात मेलेलो नि जितो ह्याचो पत्तो नाय, थंय अक्षता कशे टाकूचे?"

"आणि तुम्हाला काय वाटतं? कुठून येतो तो आवाज?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली.

"माका वाटून काय? तुमचा ह्या काम झाला की कोण खंयसून बोलता ता कळतला?"

"कोणत्या मनोऱ्याने किती जोरात ऐकलं, ते वेगवेगळं दिसेल. आत्ता सगळं एकत्र होतं."

"असा," तो म्हणाला. मग "बरा" म्हणून धक्क्यावरून चालत गेला, पाठीमागचे हात तसेच ठेवून.

जेवायला जाताना मी वाट वाकडी करून त्या पालथ्या होडीपाशी गेले. भर दुपार होती. माडांच्या सावलीत जागोजाग माणसे पडली होती, जाळी सांधणाऱ्या बायका एका बाजूला बसल्या होत्या. पण धनवंतीची सावली रिकामी होती. तिथे कुत्रेसुद्धा बसले नव्हते. टेकूंभोवतीची वाळू मात्र कोणीतरी रोज झाडत असावे. खराट्याच्या रेघा स्पष्ट उमटलेल्या होत्या.

नवे स्विच आणि तारा कुडाळहून आल्या. हेमाताईंनी मला एकेका तारेला कापडाच्या रंगीत चिंध्या बांधून दिल्या. तांबडी यंत्रांच्या आपसांतल्या चौकशीची, पिवळी साठवणीची, निळी होड्यांच्या आवाजांची, पांढरी देखभालीची. काम करताना त्या बोलत नसत; त्या दिवशी मात्र स्वतःहून बोलू लागल्या.

"काल जनू तुमका भेटलो."

"हो."

"काय म्हणालो ता मी विचारूचंय नाय. माका म्हायती आसा." त्यांनी चिंधीची गाठ दाताने आवळली. "पण कोणी सांगितला म्हणान तुमी काय सांगू नकात. जा दिसात ता सांगा. तेच्यासाठीच मी तुमका बोलावलंय. होड्यांचे आवाज दोन येतत ह्या चेअरमनसाठी. ता खटखट माझ्यासाठी."

"हेमाताई, मी तारांचं काम करते. त्यापलीकडचं मला..."

"तारांचाच विचारतंय. ता आमच्या वायरीत घडता, की भायरसून येता? इतक्याच. वायरीत घडत असला, तर मी जनूक सांगीन, पळसाची पानां घेवन ये. मी काय येडी नाय. चेडवाच्या लग्नात माका पण नेसूचा आसा." त्या किंचित हसल्या. "पण भायरसून येत असला, तर कोणीतरी भायर आसा. मगे मी जित्या माणसाक आग कशी देव?"

त्यांनी पुढची तार ओढून घेतली.

"ते खाडीच्या तोंडाशी इले की बोलत नसत. लोकांदेखत बायलेक काय म्हणतले? बटण दाबीत. दोन डाव. म्हणजे मी इलंय, भात चढव. ह्या कोणाक म्हायती नाय. जनूक नाय, चेअरमनाक नाय. आज तुमका सांगतंय." त्यांनी दोन बोटांनी टेबलावर टकटक केली, हलकेच, मध्ये क्षणभर थांबून. "माका येता ता दोनच डाव येता, बाय. एक नाय, तीन नाय. मगे मी काय समजू?"

माझ्या मनात त्याच क्षणी एक शंका उभी राहिली. संध्याकाळचे दुहेरी आवाज आणि ही दुहेरी खूण ही दोन वेगळी कोडी आहेत असे मी तोवर धरून चालले होते. पण शंका सांगण्यासाठी मला बोलावलेले नव्हते. मी निळ्या चिंधीची तार उचलली आणि कपाटामागे गेले.

जोडणी पुरी झाल्यावर चाचणी घ्यायची होती. ती बघायला हेमाताई माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या. मी मधल्या सर्व्हरची तांबडी तार उपटली.

"तुमी मुद्दाम मारतास तेका?"

"हो. तो गेल्यावर बाकीच्यांचं चालतं की नाही, ते आधीच बघून ठेवावं लागतं."

पडद्यावर मधल्याचे नाव करडे झाले. थोड्या वेळाने त्याची कामे एकामागून एक उरलेल्या दोघांच्या नावाखाली येऊन बसली. शीतगृहाचे तापमान दिसू लागले, कॅमेऱ्यात धक्का दिसू लागला.

"चालता," हेमाताई म्हणाल्या.

"चालतं."

"आता तेची वायर परत लावल्यात तर?"

"परत येईल. पण आपली जुनी कामं एकदम हिसकावून घेणार नाही. आधी विचारेल, मी नसताना काय काय झालं."

मी तार लावली. करडे नाव पुन्हा हिरवे होईपर्यंत त्या पडद्याकडे पाहत बसल्या, आणि ते हिरवे झाले तेव्हा उठून खिडकीशी गेल्या.

दिवस कलला. होड्या येऊ लागल्या. कॅमेऱ्यांच्या नकला साठवायला सुरुवात झालेली मला पडद्यावर दिसत होती. पिवळी वाट भरून वाहत होती. निळ्या वाटेवर मात्र काहीच गर्दी नव्हती. तांडेल बोलू लागले आणि खोलीत असा लख्ख आवाज आला की चेअरमन खुर्चीवरून उठले.

"अरे, ह्यो कुबलांचो पोरगो खोकतासुद्धा ऐकाक येता!" ते म्हणाले. "रे गणपत, औषध घे मेल्या!"

"घेतंय, चेअरमन. सकाळपास्ना तुमचाच नाव घेतंय, तेच्यान घसो बसलो," उत्तर आले. एकदाच आले. त्याला शेपूट नव्हते.

एकेक होडी लागत गेली. चेअरमन प्रत्येकाला काहीबाही विचारून त्या स्वच्छपणाची मजा घेत होते. मी पडद्यावर दोन मनोऱ्यांच्या दोन रेघा पाहत होते: एक धक्क्यावरचा, एक मागच्या टेकडीवरचा. कोणी बोलले की दोन्ही रेघा एकाच वेळी उसळत आणि यंत्र त्यांतली चांगली तेवढी निवडून आवाज बाहेर सोडी.

मग खबरा संपल्या. चेअरमनच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू विरले. जायचे की थांबायचे, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी ते भिंतीला टेकून उभे राहिले.

हेमाताईंनी पदर सारखा केला. बटण दाबण्याआधी त्या माझ्याकडे वळल्या आणि मी मान हलवली.

"धनवंती, धनवंती, शिरसोळे."

आता स्पीकरमध्ये खरखरही नव्हती. खालचा बर्फाचा कारखाना तेवढा थरथरत होता. मला वाटले, काहीच येणार नाही. आणि आपल्याला तेच हवे आहे, हेही मला जाणवले.

खट.

पडद्यावर दोन्ही रेघा एकदमच उसळल्या. धक्क्यावरची खूप उंच, टेकडीवरची बेताची.

हेमाताई वाट पाहत होत्या. त्यांची दोन बोटे टेबलावर टेकलेली होती. त्यांतले एक उचललेले, हवेत थांबलेले.

दुसरा आवाज आला नाही.

त्यांनी आणखी वाट पाहिली. मग माझ्याकडे न वळता विचारले, "दुसरो खंय गेलो?"

मी उठून त्यांच्या शेजारी गेले.

"दुसरा नव्हताच, हेमाताई. दोन मनोरे आहेत ना, दोघांनाही तो एकच आवाज ऐकू येतो. दोघांचं एकाच वेळी पोचलं तर यंत्राला कळतं की हा एकच आहे. आजवर वाट तुंबलेली असायची. एकाचं वेळेवर पोचायचं आणि दुसऱ्याचं मागाहून. यंत्राला वाटायचं, आणखी कोणी बोललं. तांडेलांच्या बोलण्याला जे व्हायचं, तेच ह्याला होत होतं."

"म्हणजे बटण एकदाच दाबतत."

"एकदाच."

"पण दाबतत."

"हो. तो आवाज आपल्या तारांतला नाही. कोणीतरी बाहेर आहे." मी क्षणभर थांबले, पण जे दिसेल ते सांगण्याचे मी कबूल केले होते. "आणि लांब नाही. धक्क्याजवळच आहे."

चेअरमननी डोळे मिटून घेतले. त्यांना ठाऊक होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

"माका परत ऐकवा," हेमाताई म्हणाल्या.

निळ्या वाटेवरचे सारे साठवले जात होते. मी तो तुकडा पुन्हा लावला. बटण दाबल्याचा आणि सोडल्याचा आवाज, आणि त्या दोहोंच्या मध्ये, आधी कधी ऐकू न आलेली एक सूतभर जागा. तिच्यात इंजिन होते. एक धड ठोका, एक तुटका ठोका.

"परत."

मी पुन्हा लावले. तिसऱ्यांदा लावायला गेले तेव्हा त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

खिडकीबाहेर, खाडीच्या मुखापासून आत येणाऱ्या पाण्यावर, एक होडी धक्क्याला न लागता रेंगाळत होती. बाकी साऱ्या होड्या लागून गेल्या होत्या. त्या होडीने आपली खबर देऊनही बराच वेळ झाला होता. हेमाताईंनी तिच्याकडे पाहिले नाही. त्यांनी संच पुढे ओढला, आणि जो आवाज त्या रोज वापरीत त्याच आवाजात हाक दिली.

"कुलस्वामिनी, कुलस्वामिनी, शिरसोळे."

उत्तर आले नाही.

"जनू, ऐकतंस मां?"

मग बटण दाबले गेले. आधी ते इंजिन आले, एक धड ठोका, एक तुटका. आणि मग त्यावरून, खूप जवळून बोलल्यासारखा, त्याचा आवाज.

"बोल वयनी."

"जेवलंस?"

"नाय."

"किती वर्सां दाबतंस?"

इंजिन ऐकू येत राहिले.

"तू हाका मारीस," तो म्हणाला. "मी भायर असायचंय. सगळे ऐकत नि सगळे गप. कोणीच काय बोलत नसत. एक दिस माझो हात बटणार गेलो. माका काय सांगूचा नव्हता वयनी. नुसतो हात गेलो. दुसऱ्या दिसा तुझो आवाज कसो मोकळो लागलो, ता ऐकलंय. मगे माका थांबाक येईना."

"एकदाच दाबायचंस."

"एकदाच. दोनदा कित्याक दाबतलंय?"

हेमाताईंचा अंगठा बटणावर होता, पण त्यांनी ते दाबलेले नव्हते. चेअरमन भिंतीपासून सुटून टेबलाकडे यायला निघाले होते. त्यांना हेमाताईंनी नजरेनेच थांबवले. खिडकीच्या काचेत त्यांचा चेहरा मला दिसत होता. तो रडवेला नव्हता. काहीतरी आठवायचा प्रयत्न करीत असल्यासारखा तो होता.

मग त्यांनी बटण दाबले.

"जनू, उद्या भरती येयपर्यंत थांबू नको. सकाळीच रानात जा. पळस खंय आसा ता नारायण भटजींक विचार."

त्यांनी बटण सोडले आणि लगेच पुन्हा दाबले.

"आणि ऐक. माप माझ्याकडसून घेवन जा. तू आपल्या मापान करशीत. तुझो भाव तुझ्यापेक्षा उंच होतो. खांद्यात रुंद नव्हतो, उंच होतो. पाय आखूड करू नको तेचे. ओव्हर."

त्यांनी अंगठा उचलला. स्पीकर क्षणभर मुका राहिला आणि मग पलीकडचे बटण दाबले गेले. इंजिन आले. होडीच्या कडेला चाटणारे पाणी आले. माणूस बोलायला तोंड उघडतो आणि बोलत नाही, तेव्हा आत ओढला जातो तसा एक श्वास आला. शब्द आला नाही. बटण मात्र सुटले नाही.

पडद्यावरच्या दोन्ही रेघा वर जाऊन तशाच राहिल्या, अंधारू लागलेल्या खोलीत, एकमेकींना समांतर. एकाने बटण धरून ठेवले की त्या वाटेवर दुसऱ्या कोणालाच बोलता येत नाही. चेअरमन पुढे झाले आणि आवाज कमी करण्यासाठी त्यांनी हात लांब केला.

"नको," हेमाताई म्हणाल्या.

त्यांनी आवाज थोडा वाढवला, खुर्ची संचाजवळ ओढली आणि ऐकत बसल्या.